खुंटीवरची नान

सरचश्मा, १४ ऑक्टोबर

ज्याने कोरड्या डोंगराच्या पोटात झरा ठेवला आणि मूठभर गव्हात घरादाराची भूक भागवण्याचे सामर्थ्य ठेवले, त्या परम कृपाळू, परम दयाळू अशा एकाच्या नावाने आरंभ करतो.

चिरंजीव सदबर्ग हिस बोबोचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र रुस्तमने आपल्या गाडीतून, जर्दाळूच्या रिकाम्या पेटीत घालून आणले. ती पेटी जपून ठेवली आहे, कारण काहीही टाकू नये अशी आज्ञा तू आम्हां आजी-आजोबांना केली आहेस. नात विद्यापीठात जाऊन विद्या शिकेल अशी माझी अपेक्षा होती. कचरा शिकेल असे वाटले नव्हते. तुमच्या वसतिगृहात ‘हरित समिती’ स्थापन झाली, तिची प्रमुख तू झालीस, मजल्यामजल्यांत कमी कचऱ्याची स्पर्धा लागली आणि जिंकणाऱ्या मजल्याला कपडे धुण्याचे यंत्र मिळणार, हे सर्व तुझ्या बीबीला दोनदा वाचून दाखवले. साली वेगळ्या, कागद वेगळे, राख वेगळी ठेवावी हा तुझा उपदेशही ऐकवला. ती म्हणाली, “या घरात टाकण्याजोगी एकच वस्तू आहे, आणि ती आत्ता पत्र वाचते आहे.”

असो. काम चांगले आहे. उधळ्या मनुष्य सैतानाचा सोयरा होतो, असे आपला धर्म सांगतो. वाहत्या नदीकाठी बसून नमाजासाठी हातपाय धुताना, वुजू करतानाही ओंजळभर पाणी अधिक घेऊ नये, ही शिकवण मी मशिदीत दर शुक्रवारी देतो आणि दर शुक्रवारी लोक मशिदीचा नळ उघडा टाकून घरी जातात. तेव्हा तू निदान चार मुलींना तरी शहाणे करत असशील तर माझा विरोध नाही. एक तुकडाही वाया जाऊ देऊ नकोस. जे मातीतून आले ते मातीला परत देण्यात कमीपणा नाही.

तू घरून निघालीस त्या सकाळी नानचा एक घास घेतलास, ती नान तुझ्या बीबीने दाराशेजारच्या खुंटीवर टांगली आहे. परत येऊन उरलेली तूच पुरी करशील, तोवर तिला कोणी हात लावायचा नाही. या प्रथेला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, ग्रंथाला खुंटी लागत नाही, नानला लागते. अशा युक्तिवादापुढे विद्वान काय करणार?

आता नान आणि तुमच्या त्या खताच्या बादल्या यांविषयी जे मुख्य सांगायचे ते पुढे सविस्तर

रुस्तम भोंगा वाजवतो आहे. घाटात बर्फ येण्याआधी त्याला उतरायचे आहे म्हणे. उरलेले पुढील पत्री.

तुझा बोबो,
इनोयतुल्लो


खुजंद, २६ नोव्हेंबर

बोबोजान, सलाम.

तब्येत विचारत नाही. तुम्ही ‘ईश्वराचे आभार’ एवढंच लिहिता आणि गुडघ्याचं बीबीकडूनच कळतं.

बोबोजान, माझ्या हातून फार वाईट झालंय. पहिल्यापासून सांगते, मध्येच रागावू नका. शेवटी एकदम रागवा.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या मुली भाजीच्या साली बादलीत टाकतात, चहाचा चोथा टाकतात, पण नान कोणी टाकत नाही. शिळी झाली की कापडी पिशवीत घालून व्हरांड्यातल्या खुंट्यांवर टांगतात. कुणाची तरी गाय येईल आणि खाईल! चौथ्या मजल्यावर गाय! सगळा व्हरांडा पिशव्यांनी भरून गेला होता. स्पर्धा तपासायला विद्यापीठातून ज्या बाई येतात त्या म्हणाल्या, “टांगलेला कचरासुद्धा कचराच.” आणि आमचे गुण कापले. मी मुलींना म्हटलं, उचला. तर सगळ्या एकसुरात, “आम्ही नाही बाई. तुझी समिती, तू उचल.”

मग मी तुमचं पत्र काढून वाचलं. एक तुकडाही वाया जाऊ देऊ नकोस, मातीचं ते मातीला. तुम्हीच लिहिलंय, बोबोजान.

त्या शनिवारी हशर होता. सगळं वसतिगृह मिळून भिंतींना चुना लावत होतं. मी एकटीने खुंट्यांवरच्या सगळ्या पिशव्या काढल्या आणि मागच्या अंगणात खताच्या ढिगावर रिकाम्या केल्या. तोंड फिरवून केल्या. नानकडे बघत बघत ती सालींवर ओतायची माझी छाती झाली नाही. ‘माफ कर’ असंसुद्धा म्हटलं. बघितलं असतं तर कळलं असतं.

माझ्या खोलीतली नाजिरा तुम्हाला माहीत आहे, मागच्या पत्रात लिहिलं होतं. आई-वडील नाहीत, थोरला भाऊ सियोवुश याने वाढवलं. तो रशियात इमारतींच्या कामावर आहे. जाताना बसच्या दारात उभं राहून त्याने नानचा घास घेतला. घर तर बंदच करायचं होतं, मग ती नान टांगायची कुठे? नाजिराने इथे आणली आणि आपल्या पलंगावरच्या खुंटीला टांगली. हशरच्या दिवशी भिंतीला चुना लागायचा होता, म्हणून तिने ती तेवढ्यापुरती बाहेर व्हरांड्यातल्या खुंटीवर टांगली.

संध्याकाळी ती म्हणाली, “सदबर्ग, माझी पिशवी दिसली का गं? निळ्या फुलांची?”

मी म्हटलं, “धुऊन वाळत घातलीय.”

“धुतलीस? मग आतली नान?”

बोबोजान, माझी नजर मागच्या अंगणाकडे गेली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चपला न घालता खाली पळाली. आम्ही दोघींनी हातांनी ढीग उपसला. सालींत भिजून सगळ्या नान एक झाल्या होत्या. कुठला तुकडा कुणाच्या दातांचा, कसं कळणार?

ती रडली नाही, शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. मला म्हणाली, “यंत्र मिळालं की कपडे धू तुझे.”

सियोवुश दर शुक्रवारी फोन करायचा. हशरच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्याचा फोन आला नव्हता, आणि त्यानंतर आजपर्यंत नाही. नंबर लावला की बंद आहे असं सांगतात.

तुमच्या ग्रंथांमधून काहीतरी लिहा. तिला वाचून दाखवता येईल असं.

तुमची,
सदबर्ग


सरचश्मा, ११ डिसेंबर

कृपावंताचे स्मरण करून लिहितो.

चिरंजीव सदबर्ग हिस आशीर्वाद. त्यांत आज थोडी काटछाट केली आहे.

‘तुम्हीच लिहिलंय’ हे वाक्य मी जन्मभर विद्यार्थ्यांकडून ऐकत आलो. गुरूच्या तोंडातले अर्धे वाक्य पळवून न्यायचे आणि उरलेले अर्धे विहिरीत टाकायचे, ही रीत तुझ्या पिढीने शोधलेली नाही, केवळ तिला स्पर्धेचे गुण देण्याची सोय तुम्ही केली. नानविषयी मुख्य ते पुढे लिहितो असे स्पष्ट लिहून ठेवले होते. ते पुढचे पत्र येईपर्यंत थांबली असतीस तर काय ती गाय चौथ्या मजल्यावर चढली असती?

आता ऐक. शिळी नान केर नव्हे. सकाळच्या शीरचायमध्ये, दुधाच्या खाऱ्या चहात, कुस्करावी. तेवढ्या दुधालोण्याला चौथ्या मजल्यावर मनाई नसावी. त्यातूनही उरली तर वाळवून ज्याची गाय खरोखर जमिनीवर उभी आहे अशा माणसाला द्यावी. माणसाने खावी, मग जनावराने, मग पाखराने, आणि ज्याला कोणीच तोंड लावत नाही ते तेवढे मातीने. तू थेट शेवटच्या पायरीवर उडी मारलीस. हा क्रम न पाळणारी समिती हरित असो की पिवळी, मला तिचे कौतुक नाही.

नाजिराला वाचून दाखवण्यासाठी पुढील मजकूर देतो.

मुली, मनुष्याचा श्वास मोजणारा एकच आहे आणि तो नान मोजत नाही. खुंटीवर टांगलेल्या भाकरीने जर माणसे जिवंत राहिली असती, तर आपल्या कबरस्तानांत गवतच उगवले असते, दगड नसते. गावोगावी कितीतरी नान भिंतींवर वाळून गेल्या आणि त्यांचे धनी परतले नाहीत. कितीतरी उंदरांनी खाल्ल्या आणि धनी हसत परतले. तेव्हा भाकरीवर नको, तिच्या दात्यावर भरवसा ठेव. प्रथेला मान द्यावा, पण तिच्यापुढे डोके टेकू नये.

हा युक्तिवाद निर्दोष आहे. सावकाश वाच, विरामचिन्हे पाळ.

तुझा बोबो


खुजंद, ९ जानेवारी

बोबोजान,

विरामचिन्हे पाळली.

स्वयंपाकघरात बसून वाचलं, कारण नाजिरा आता माझ्याबरोबर खोलीत थांबत नाही. मजल्यावरच्या इतर मुलीही होत्या. तुमची पत्रं त्यांना आवडतात, बटाटे सोलता सोलता ऐकतात. शीरचायपर्यंत सगळं छान चाललं होतं. वसतिगृहाच्या अधीक्षक मस्तुरा खोला, आमच्या सगळ्यांच्या मावशी, तर म्हणाल्या, “या म्हाताऱ्यालाच समितीवर घ्या.” मग मी तुमचा निर्दोष युक्तिवाद वाचला. कबरस्तानातल्या दगडांपाशी आले आणि नाजिरा उठली. नान भिंतीवर वाळून गेल्या आणि धनी परतले नाहीत, हे तुम्ही एका अशा मुलीला लिहिलंत, जिचा भाऊ फोन उचलत नाहीये! हे तुम्हाला लिहिताना दिसलं नाही? मला वाचताना दिसलं, पण तोवर तोंडातून गेलं होतं.

दाराशी जाऊन ती म्हणाली, “तुझ्या बोबोंना सांग, मला त्यांचं पटलं.”

त्याच दिवशी तिने सामान दुसऱ्या मजल्यावर नेलं. मस्तुरा खोला माझ्यावर ओरडल्या, “तुम्ही आजोबा-नात मिळून या पोरीला हाकलून काढणार आहात का? एकीने भाकरी पुरली आणि दुसऱ्याने तिच्यावर फातिहा वाचला!”

आता पुढचं ऐका. ती विद्यापीठ सोडणार आहे. वसंतात रशियाला जाणाऱ्या बायकांची एक टोळी आहे, शेतावर कामाला. नानच्या भरवशावर न बसता त्यांच्याबरोबर जाऊन भावाला शोधणार म्हणे. आमच्या वर्गात तिच्याइतकं रसायन कुणालाच येत नाही, बोबोजान. खताच्या ढिगात काय काय होतं ते मला तिनेच शिकवलं होतं, म्हणून तर मी समितीत गेले. आणि ती बीट उपटायला चालली आहे, माझ्यामुळे.

आमचा मजला स्पर्धेत पहिला आहे. कोणी माझ्याशी बोलत नाही. मी नळ बंद करायला सांगितलं की मुली म्हणतात, “हो हो, नाहीतर ही आपल्यालाही ढिगावर ओतेल.”

तुमच्या ग्रंथांत नसेल तर बीबीला विचारा. आणि खरं लिहा. छान नको.

सदबर्ग


सरचश्मा, १७ फेब्रुवारी

ज्याच्या कृपेने मूर्खाचीही चूक एखादे वेळी मार्गी लागते, त्याचे स्मरण करून.

चिरंजीव सदबर्ग,

छान लिहू नका अशी तुझी आज्ञा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझे पत्र बीबीला वाचून दाखवले. ती पीठ मळत होती. तिने हात धुतले आणि म्हणाली, “युक्तिवाद पुरे झाला. तो पोरगा कुठल्या गावी आहे ते सांगा.” मी म्हणालो, रशिया मोठा आहे. ती म्हणाली, “आपलं गावही रशियातच आहे सध्या. घराघरातला एक तिकडे आहे. कुणालाच विचारता येत नाही का?”

मी फोन वापरत नाही हे तू जाणतेस. जे बोलणे हवेत विरून जाते त्याला मनुष्य जबाबदार राहत नाही, असे माझे मत आहे आणि ते मी बदललेले नाही. तथापि आपल्या गावात फोनला आवाज केवळ मेंढरांच्या वाड्यावरच्या टेकाडावर मिळतो, आणि त्या टेकाडावर मी गेलो. बर्फ होते. शेजारच्या सुनेचा फोन घेऊन, सियोवुशचे नाव नि गाव सांगत, मी माझ्या एकेका जुन्या विद्यार्थ्याला हाक मारली. पहिल्या दिवशी यंत्र उलटे धरले होते असे नंतर कळले. कोणी रस्त्याच्या कामावर आहे, कोणी गोदामात. सगळे म्हणाले, “गुरुजी, तुम्ही? फोनवर? घरी सगळे बरे आहेत ना?” प्रत्येकाला पहिल्याने मी मेलेलो नाही हे पटवावे लागले.

कुर्बोनाली, जो वर्गात कधी उत्तर देत नसे, त्याने शोधले. सियोवुश जिवंत आहे. इमारतीच्या परांचीवरून खाली पडला, उजवा हात दोन ठिकाणी मोडला, फोन त्याच्या अंगाखाली चिरडला. रुग्णालयातून निघून तो दुसऱ्या शहरात एका ओळखीच्याकडे पडून होता. कामावर नसलेल्या भावाचा फोन बहिणीला कसा करावा, या लाजेने त्याने केला नाही. कुर्बोनालीने त्याला माझ्या वतीने रागे भरले आहे. हे पत्र पोहोचण्याआधी त्याने नाजिराला फोन केलेला असेल.

आता एक गोष्ट ध्यानी घे. तो पडला तो बुधवार. तुझा हशर त्यानंतरच्या शनिवारी. अर्थात तो पडला तेव्हा नान आपल्या खुंटीवर जशीच्या तशी होती. यावरून नानचा आणि पडण्याचा काही एक संबंध नाही हे सिद्ध झाले. मी हे तुझ्या बीबीला विजयाने सांगितले.

ती म्हणाली, “म्हणजे नान खुंटीवर होती म्हणून हातावर निभावलं. नाहीतर मान मोडली असती. आता बोला.”

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. बाहेर जाऊन लाकडे फोडली.

तिने तुझ्यासाठी निरोप दिला आहे. हरवलेल्या नानच्या जागी दुसरी टांगता येत नाही, तो प्रयत्न करू नकोस. वाट पाहणाऱ्याला एकटे जेवू देऊ नये, एवढेच आपल्या हाती असते. तुझ्यासाठी पत्रासोबतच्या पिशवीत वाळकी तुतीची फळे आणि लोणी आहे. शीरचाय कर, दुसऱ्या मजल्यावर ने, आणि तोंड उघडू नकोस. विशेषतः माझे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझा बोबो


खुजंद, २३ एप्रिल

बोबोजान, सलाम. बीबीला दोन सलाम.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही पुरं होत नव्हतं. फोन आला होता, तुमच्या पत्राच्या आदल्या आठवड्यात. नाजिरा जिन्यात बसून बोलत होती आणि अख्खं वसतिगृह जिन्याच्या वर-खाली श्वास धरून उभं. मला वाटलं, झालं, आता ती खोलीत परत येईल. मी तिची उशीसुद्धा उन्हात टाकली.

ती आली नाही. म्हणाली, “जिवंत आहे. परत कुठे आलाय?”

आणि खरंच होतं ते. तिकडे तो आता म्हणत होता, हात बरा झाला की पुन्हा कामाला लागतो, अशा हाताने घरी काय तोंड दाखवू. आणि इकडे ही म्हणत होती, तू येत नाहीस तर मी येते. टोळीत तिचं नाव लागलेलं होतंच.

मी बीबीचं ऐकलं. रोज सकाळी शीरचाय घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायचे. पहिल्या दिवशी तिने दार उघडलं नाही. मी वाडगं घेऊन दारातच बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुली माझ्यावरून उड्या मारून गेल्या. मग कधीतरी तिने उघडलं. आम्ही एका वाडग्यातून खायचो, बोलायचो नाही. शिळी नान तिच्या मजल्यावरचीच कुस्करायचे. ते बघून बाकीच्या मुलीही पिशव्या घेऊन यायला लागल्या. आता शुक्रवारी सगळे मजले मिळून मोठ्या पातेल्यात करतात, आणि उरलं ते वाळवून मस्तुरा खोलांच्या भावाच्या गाईला जातं. ती गाय खरी आहे, तळमजल्यावरसुद्धा नाही, पार गावाबाहेर आहे. स्पर्धेच्या बाईंना मी सांगितलं, नान आमच्या बादलीत येणार नाही, गुण कापायचे तर कापा. त्यांनी कापले. यंत्र तिसऱ्या मजल्याला मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात बिघडलं.

एक दिवस खाता खाता नाजिरा म्हणाली, “ढीग नीट झाकलायस का? पाऊस आला तर सगळं सत्त्व वाहून जाईल.” शीरचाय सुरू झाल्यापासूनचं हे तिचं पहिलं वाक्य. आम्ही दोघींनी तो ढीग चाळला आणि मागच्या अंगणात वाफे केले. कांदे, पालक, पुदिना, कोथिंबीर. ती म्हणाली, “जाईपर्यंत बघते उगवतंय का.” टोळी मे महिन्यात निघायची होती.

गेल्या रविवारी कोवळा पाला पहिल्यांदा कापला. मस्तुरा खोलांनी पाल्याचे सांबुसे करायला घेतले. मी अंगणात पाणी घालत होते, झारीने, नळाने नाही, हे बोबोजान तुमच्यासाठी लिहिते. नाजिरा खुरपत होती. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. उन्हात रापलेला, वाळलेला, एक हात छातीशी धरलेला. द्वारपाल त्याला म्हणत होता, “मुलींचं वसतिगृह आहे, बाबा, कोण पाहिजे?” नाजिराने मान वर केली आणि खुरपं तिच्या हातातून पडलं.

भेट कशी झाली ते लिहीत नाही. लिहिता येत नाही. मी झारी धरून उभी होते आणि पाणी माझ्या पायांवर सांडत होतं.

तुमच्या कुर्बोनालीने त्याला गाडीत बसवून दिलं म्हणे. “गुरुजी रोज टेकाडावर चढतायत, त्यांचे पाय मोडायच्या आत तू घरी जा,” असं सांगून. बोबोजान, तुम्ही रोज चढत होतात?

थोडा निवल्यावर त्याने आधी हेच विचारलं, “माझी नान कुठंय? भूक लागलीय.”

कुणी माझ्याकडे बघेना, म्हणजे सगळ्यांना माझ्याकडेच बघायचं होतं. नाजिराने वाफ्यांकडे बोट केलं.

“तिथे.”

“पेरलीस की काय?”

“मी नाही. हिने.”

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता जमीन फाटावी. तो म्हणाला, “मग? उगवली का?”

तेवढ्यात मस्तुरा खोला ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांना मागचं-पुढचं काही विचारायची सवय नाही. म्हणाल्या, “उगवली, उगवली. गरम आहेत तोवर खा.”

उजवा हात अजून तोंडापर्यंत जात नाही त्याचा. म्हणून नाजिराने भरवलं. सांबुसा फोडला, फुंकला, आतला हिरवा पाला त्याच्या तोंडात घातला. तो चावत राहिला. मग म्हणाला, “थोडी माती लागतेय.”

नाजिरा म्हणाली, “गप खा. पुरी कर.”

ताटातला शेवटचा सांबुसा संपेपर्यंत ती उठली नाही, त्यालाही उठू दिलं नाही. मग तिने ताट पुसलं, ओंजळ चेहऱ्यावरून फिरवून आमीन म्हटलं आणि मला म्हणाली, “काय बघतेस? माझी गादी वर न्यायला मदत कर.”

टोळी तिच्यावाचून जाणार आहे.

बोबोजान, हे चालतं का? नान अशा रीतीने पुरी केली तर ती पुरी झाली म्हणायची का? मुली विचारतायत. खरं लिहा.

तुमची सदबर्ग


सरचश्मा, ८ मे

बी कुजवून अंकुर काढणारा, आणि अंकुरातून पुन्हा बी काढणारा जो आहे, त्याची स्तुती असो.

चिरंजीव सदबर्ग हिस बोबोचे आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

तुझा प्रश्न मी घरातल्या सगळ्या ग्रंथांना विचारला. पूर्वीच्या विद्वानांनी विहिरीत पडलेल्या मांजरीपासून उंटाच्या सावलीपर्यंत सर्व गोष्टींवर मत दिले आहे, परंतु खत झालेल्या नानविषयी त्यांनी मौन पाळले आहे. जिथे निषेध नाही तिथे मी निषेध उत्पन्न करणार नाही. मुलींना सांग, इमाम इनोयतुल्लो यांस हरकत नाही. वाफ्यातला पाला मात्र पुढच्या वेळी नीट धुवा. झारीनेच, पण धुवा.

मी टेकाडावर हवेसाठी जात होतो.

सियोवुश हात बरा होईपर्यंत काय करणार, याची विचारणा मी केली आहे. आपल्या गावी जर्दाळूच्या बागांना पाणी सोडण्यासाठी एका हाताचा मनुष्यही पुरतो, आणि आपली विहिरीकडची खोली रिकामी आहे. उत्तर कळव.

आता तुझी बीबी शेजारी येऊन बसली आहे आणि म्हणते की मी सांगते ते शब्दाला शब्द लिहा. मी केवळ सत्यनिष्ठेपोटी लिहितो.

“सदबर्ग, बाई माझी, सुट्टीला लवकर ये. तुझी नान खुंटीवर आहे. म्हणजे आहे आणि नाही. डिसेंबरात तुझ्या बोबोंनी ते कबरस्तानाचं पत्र पाठवलं, आणि त्याच आठवड्यात उंदरांनी तुझी नान खाल्ली, पिशवीसकट. मी शेजारी गेले होते. परत आले तर खुंटीला नवी पिशवी आणि पिशवीत नान. मी पिशवी उघडून बघितली. पण बाळा, तू निघालीस तेव्हा घास घेतलास तो छोटासा, मांजरीसारखा. आणि या नानला एवढं मोठं भगदाड, त्यात वरच्या दातांची खूणच नाही. वरचे दात नसलेलं या घरात कोण आहे, ते तुला सांगायला नको. नानवर नको, दात्यावर भरवसा ठेव म्हणे! पहाटे मशिदीत जायच्या आधी हळूच पिशवी चाचपून बघतात, आहे का. मी झोपेचं सोंग घेते. तू ये आणि ती पुरी कर. घास तुझा नसला तरी काय झालं.”

या निवेदनातील कोणत्याही विधानाचे खंडन मी करू शकतो. परंतु रुस्तम भोंगा वाजवतो आहे.

हे पत्र तू स्वयंपाकघरात वाचशील हे मला ठाऊक आहे, म्हणून शेवट सर्वांसाठी लिहितो. हे ज्या ज्या कानांवर पडेल आणि ज्या ज्या डोळ्यांखालून जाईल, त्यांच्या घरची नान ताटात असो वा खुंटीवर, ज्याची त्याला परत मिळो. जे दूर गेले त्यांना वाट सापडो. जे मागे राहिले त्यांच्या वाडग्याशी कोणीतरी बसलेले असो. तुमच्या झऱ्याला पाणी, तुमच्या मातीला ओल आणि तुमच्या दाराला उंबरठा ओलांडून आत येणारी पावले तो कृपावंत देवो. आमीन.

तुझा बोबो